ढोंग उघडं पाडणारं मराठी साहित्य: सहा बैठकांत काय वाचावं, आणि कसं?

कसबेकर
मंडळी, मदत हवी आहे. कसबा पेठेत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी वाचनकट्टा भरतो. १५ ते १८ डोकी, दोन तास. पुढच्या सहा बैठकांचा विषय ठरलाय: समाजातलं ढोंग आणि अन्याय मराठी लेखकांनी कसा उघड्यावर आणला. घरून वाचून या म्हटलं की निम्मे तसेच येतात, त्यामुळे जे वाचायचं ते तिथेच आणि मोठ्यानं.

कच्ची यादी अशी: शतपत्रे (लोकहितवादी), गुलामगिरी (फुले), पण लक्षात कोण घेतो (हरिभाऊ आपटे), संगीत शारदा (देवल), घाशीराम कोतवाल (तेंडुलकर), बलुतं (दया पवार).

अडचणी दोन. यातलं कुठून कुठपर्यंत वाचायचं? आणि असल्या विषयाची बैठक तिसऱ्या मिनिटाला भाषण होते, दहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, "पण आता कुठे तसं राहिलंय?" त्यावर उतारा काय?

आगाऊ_काकू
रुमाल टाकून ठेवते. लिहायचंय पुष्कळ.

तिरकसराव
पुण्यात ढोंगावर फक्त सहा बैठका? कसं भागणार हो!

ग्रंथकीट
यादी चांगली आहे, पण ती डोळ्यांनी वाचायची यादी आहे. कानांनी ऐकायची वेगळी लागते.

शतपत्रं घ्या. १८४८ ते १८५० मध्ये 'प्रभाकर'मधून आलेली १०८ पत्रं. धारदार आहेत, पण लोकहितवादी सरळ सांगतात की अमुक वाईट, तमुक मूर्खपणाचं. मोठ्यानं वाचलं की सगळे माना डोलावतात आणि वाचणारा आपोआप कीर्तनकार होतो. तुमचं भाषण तिथूनच सुरू होणार. गुलामगिरी (१८७३) संवादरूपात आहे, म्हणून सोयीची वाटते. पण तिचा बराच भाग अवतारांच्या उलगड्यात जातो. मत्स्य, कच्छ, वराह यांवर एकदा वाद पेटला की दोन तास तिथेच संपले म्हणून समजा.

त्याऐवजी फुल्यांचंच तृतीय रत्न घ्या. १८५५चं नाटक. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं होतं, कमिटीनं घेतलं नाही, आणि छापून यायला १९७९ उजाडलं. पात्रं मोजकी: जोशी, कुणबी, त्याची गरोदर बायको, पाद्री, मुसलमान, विदूषक. जोशी दारात येतो, ग्रहांची भीती घालतो आणि एकेका वाक्यासरशी घराला खर्चात उतरवतो. मधूनमधून विदूषक बोलतो. तो प्रेक्षकांशी बोलतो, त्यामुळे जोशाला शिव्या घालायचं काम ऐकणाऱ्यांना करावं लागत नाही. शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात.

जोडीला शेतकऱ्याचा असूड (१८८३), पहिलं प्रकरण. त्यात शिव्यांपेक्षा यादी जास्त आहे. मूल पोटात असल्यापासून माणूस मेल्यावरच्या श्राद्धापर्यंत, आणि पाडव्यापासून वर्षाचे सण एकामागून एक, कुठल्या निमित्तानं शेतकऱ्याच्या घरातून काय काय बाहेर जातं त्याची. आठ-दहा ओळींनंतर ऐकणारा हसतो, पानभरानंतर गप्प होतो.

आणि हे मोठ्यानं वाचण्यासाठीच आहे. फुल्यांनी स्वतः नोंदवून ठेवलंय की ग्रंथ तयार होत गेला तसतसा पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी वाचून दाखवला. सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर उतारा. प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद द्या, तीन रकाने आखलेला: कोण काय बोलतं, कोण काय करतं, पैसे (किंवा धान्य, किंवा कष्ट) कोणाचे गेले. वाचन चालू असताना भरायचा. ढोंग म्हणजे पहिल्या दोन रकान्यांतलं अंतर, आणि अन्याय तिसऱ्यात. चर्चा मतांपासून सुरू करायची नाही, रकान्यांपासून करायची. "आता कुठे तसं राहिलंय" म्हणणाऱ्याला आजच्या एखाद्या कार्याचे तेच तीन रकाने भरायला सांगा. बाकी काही बोलू नका.

मुळाकाठ
रकान्यांची कल्पना झकास. तृतीय रत्न मिळतं कुठे?

ग्रंथकीट
@मुळाकाठ, महात्मा फुले समग्र वाङ्मयात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलेला खंड आहे, किंमत नाममात्र. शासकीय ग्रंथागारात विचारा, नाहीतर मोठ्या ग्रंथालयांत असतोच. एक खोच आहे: १९६९ची पहिली आवृत्ती घेतलीत तर तिच्यात हे नाटक सापडणार नाही, तेव्हा ते मिळालंच नव्हतं. नंतरची घ्या.

साखरझोप
मला मूळ कल्पनाच पटत नाही. साहित्य ढोंग उघडं पाडतं म्हणजे काय? ते आधी झाकलेलं होतं का? केशवपन काय चोरून होत होतं? घराघरात न्हावी येत होता, सगळी आळी बघत होती. हरिभाऊंची कादंबरी वाचून लोक रडले, डोळे पुसले आणि घरच्या विधवेचं न्हाव्याचं वर्षासन चालू ठेवलं. लेखकांना उगाच मोठेपणा देऊ नका.

आगाऊ_काकू
रुमाल उचलते.

साखरझोप, अर्धं बरोबर आहे तुमचं. झाकलेलं नव्हतंच. पण सगळ्यांना दिसणारी गोष्ट कोणाच्या नजरेनं सांगितली जाते, त्यानं फरक पडतो. पण लक्षात कोण घेतो हरिभाऊ आपट्यांच्या स्वतःच्या 'करमणूक' साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आली. ती नायिकेच्या, यमूच्या तोंडून आहे. आळीतले सगळे न्हावी येताना बघत होते हो, पण वस्तऱ्याखालून वर कोण कोण दिसतं हे आळीनं पाहिलं नव्हतं. शंकरमामंजींसारखा माणूस धर्माच्या नावानं काय करून घेतो, ते यमूच्या जागेवरून दिसतं.

कसबेकर, इथे एक चूक हमखास होते. सगळे केशवपनाचंच प्रकरण उचलतात. ते वाचलं की खोलीत मुसमुसणं, मग शांतता, मग चहा. रकाने कोरे राहतात. त्याऐवजी आधीचे भाग घ्या, मामंजी घरात प्रतिष्ठेनं वावरत असतात ते. दोन उतारे, प्रत्येकी पाच-सहा पानं. शेवटच्या प्रसंगाची एकच ओळ तोंडी सांगा.

आणि तुमच्या यादीत बाई कुठाय? सहाही लेखक पुरुष!

स्त्री-पुरुष तुलना घ्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, १८८२, छापलं इथे पुण्यातच श्रीशिवाजी छापखान्यात. निमित्त काय झालं ते बैठकीत आधी सांगायला हवं, नाहीतर सूर चढा का लागलाय ते कळत नाही. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अनौरस मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली, ती अपिलात कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या बिघडलेपणाच्या चर्चा रंगल्या. ताराबाईंनी विचारलं, ते मूल तिला एकटीला झालं का?

त्यांची युक्ती बघा. पुरुषांनी बायकांसाठी जो नियम केला तो जसाच्या तसा उचलायचा आणि पुरुषाला लावून बघायचा. नवरा मेला की बाईनं केस उतरवायचे, मग बायको मेली की तुम्ही दाढीमिशा भादरून रानात का जात नाही? दहाव्या दिवशी दुसरी कशी आणता? सगळं पुस्तक या उलटापालटीवर उभं आहे. तुमच्या बैठकीत हाच खेळ करा. उताऱ्यातलं प्रत्येक 'बाई' खोडून 'पुरुष' घालून वाचायचं. जिथे वाक्य हास्यास्पद होतं, तिथे बोट ठेवायचं.

ग्रंथकीट
+१. पुरवणी: ताराबाईंवर टीका झाली तेव्हा फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. टीका करणाऱ्यांत सुधारक म्हणवणारेही होते. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालश्यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापून आणलं. असूडाचंही तसंच झालं. 'दीनबंधू'नं पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. 'दीनबंधू' म्हणजे सत्यशोधकांचंच पत्र! आपल्याच माणसाला धग लागली हे लिखाण नेमक्या जागी बसल्याचं लक्षण. अर्थात फुले काही या लक्षणावर खूश नव्हते.

खडकमाळ_आळी
शारदा ठेवा. जरठ-कुमारी विवाह हा विषय, आणि नाटक इतकं गाजलं की १९२९चा शारदा कायदा त्यावरूनच आला. साहित्यानं काय होतं याचं उत्तर साखरझोपांना आपोआप मिळेल.

ग्रंथकीट
@खडकमाळ_आळी, हा पुण्यातला लाडका गैरसमज. १९२९चा कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावानं 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो. मुलीला १४ आणि मुलाला १८ ही किमान वयं त्यानं घातली. देवलांच्या शारदेशी नुसतं नाव जुळलं.

खडकमाळ_आळी
अरेच्चा. चाळीस वर्षं हेच सांगत होतो, आता कुणाकुणाला फोन करू?

तिरकसराव
करू नका. पुणेकर चूक मान्य करतोय म्हटल्यावर त्यांना प्रकृतीची काळजी वाटेल.

रंगपीठ
शारदेबद्दल जरा बोलू द्या. १८९९चं नाटक. गाणी सगळ्यांना पाठ, गोष्ट कुणालाच नीट आठवत नाही.

कांचनभट पैशासाठी पोटची मुलगी भुजंगनाथाला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थ. म्हाताऱ्याचं वय पाऊणशे, गाण्यातच आहे. सगळ्या गावाला दिसतंय. तर लग्न मोडतं कशानं? नवरदेव पंच्याहत्तरीचा आहे म्हणून? छे. वधू-वर एकाच गोत्राचे निघतात म्हणून! धर्माला म्हातारा चालतो, सगोत्र चालत नाही. पुढे कोदंडाशी लग्न लागायलाही शंकराचार्यांची मान्यता लागते. देवलांना मुलगी वाचवायला शास्त्रातलीच फट शोधावी लागली. यात प्रेक्षकाला खूश करणं किती आणि प्रेक्षकाच्या कानाखाली काढणं किती, यावर तुमचे चाळीस मिनिटं आरामात जातील. माझं मत विचाराल तर दोन्ही आहे आणि दुसरं जास्त आहे.

वाचताना पदं गाऊ नका. नक्की कोणीतरी गाणारा निघतो, मग फर्माइशी सुरू होतात आणि शारदा राहते बाजूला. पदं गद्यासारखी वाचायची, संथ. 'मूर्तिमंत भीती उभी' चालीशिवाय ऐकून बघा काय होतं ते. सौद्याचे प्रवेश तिघांत वाटून द्या. कांचनभट मुद्दाम सौम्य आवाजाच्या माणसाला द्या. खलनायकासारखा वाचला की ऐकणारा सुटतो, "असा बाप आपल्यात नसतो" म्हणून.

आगाऊ_काकू
गोत्राचा मुद्दा टोपी काढावी असा. 🙂

मुळाकाठ
घाशीरामबद्दलही सांगा ना. पुण्यात बैठक आणि घाशीराम नाही, असं कसं?

रंगपीठ
घाशीराम वाचायला घेऊ नये असं माझं मत. स्पष्टच सांगतो.

१६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, पीडीए या नाट्यसंस्थेचा प्रयोग. १९ प्रयोगांनंतर संस्थेनंच थांबवलं, मग त्यातल्या मंडळींनी थिएटर अकॅडमी काढली आणि ते पुन्हा उभं केलं. त्याची ताकद कागदावर कमी आणि त्या माणसांच्या भिंतीत जास्त आहे. तेच ब्राह्मण ओळीनं उभे राहून भजन म्हणतात, तेच पाठ फिरवून भिंत होतात, भिंतीमागे नाना काय करतो ते झाकतात आणि पुन्हा तोंड फिरवून भजन. पूर्ण शहराचं संगनमत एका हालचालीत. खुर्चीत बसून हे वाचलं की हाती उरतं काय, तर नाना फडणवीस तसे होते का, हा वाद. तेंडुलकरांनी 'अनैतिहासिक नाटक' म्हटलंय, तरी वाद तोच. मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्येच घाशीरामवर पुस्तक लिहिलं होतं, म्हणजे पुण्याची ही खपली जुनी आहे.

अगदी हवंच असेल तर दहा-बारा जणांना उठवून ओळीत उभं करा. एक परिच्छेद तोंड समोर करून म्हणायचा, टाळी वाजली की सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि म्हणणं चालू ठेवायचं. पाच मिनिटं पुरे.

तेंडुलकरच हवे असतील तर शांतता! कोर्ट चालू आहे (१९६७). हे वाचनात उभं राहतं, कारण त्यातली माणसंही खोलीत बसून खोटं खोटंच काहीतरी करताहेत. नाटकमंडळी वेळ घालवायला अभिरूप न्यायालय मांडतात, आरोपी म्हणून बेणारे बाईंना उभं करतात आणि हळूहळू खेळ तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो. न्यायाधीश काशीकर. त्यांचं कान कोरणं बघा. नीतीवर गंभीर बोलताना हा माणूस कान कोरत असतो. वाचणाऱ्याने तेवढी कृती खरंच करायची, कंस वाचून दाखवायचा नाही. सुखात्मे वकील आहेत, पण पक्षकार नाहीत. पोंक्षे इंटरला गचकलेला. प्रत्येकाचं काहीतरी हुकलंय आणि सगळे मिळून जिच्यावर तुटून पडतात ती बाई आपलं काम नीट करणारी शिक्षिका आहे. ग्रंथकीट, तुमचा तिसरा रकाना इथे कोरा राहील. पैसे कुणाचेच जात नाहीत.

ग्रंथकीट
मान्य. रकान्याचं नाव बदलतो: 'कुणाच्या पदरचं गेलं'. बेणारेची नोकरी जाते की.

आगाऊ_काकू
थांबा थांबा. बेणारेवर पहिला आरोप कशाचा ठेवतात? भ्रूणहत्येचा. आणि शेवटी काशीकर शिक्षा काय सुनावतात? तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. म्हणजे ज्या कृत्याबद्दल खटला, तेच कृत्य शिक्षा म्हणून! आरोपाचं पान आणि निकालाचं पान शेजारीशेजारी वाचा, मधलं काही नको.

आणि हे ताराबाईंच्या लगोलग ठेवा. १८८१ची सुरत, १९६७चं अभिरूप कोर्ट, बाई कठड्यात आणि बाप्या दोन्हीकडे गैरहजर. प्रो. दामलेंची खुर्ची रिकामीच असते ना नाटकात? मधे ८६ वर्षं. फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं म्हणून. म्हणजे सुरतेच्या खटल्याआधी १८ वर्षं या गावाला रोगही ठाऊक होता आणि औषधही. साखरझोप, हे तुमच्या बाजूनं.

साखरझोप
आभार. तरी यादीत गंमत कमीच आहे बुवा. सहा महिने असं वाचल्यावर चहा तरी बरा ठेवा.

तिरकसराव
चहा ठेवायचा तर नावं लिहून घेऊ नका. गावाचा अनुभव वाईट आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली, रानडे, टिळक असे बडे बडे लोक हजर. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. मग ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद), शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं, टिळकांनी काशीला घेतल्याचं सांगितलं. कोणी म्हणे प्यालो, कोणी म्हणे कप नुसता हातात धरला. एका कपात सुधारक आणि सनातनी दोघांचीही परीक्षा! यावर कोणी नाटक लिहायची गरज उरली नाही, गावानंच प्रयोग लावला.

खडकमाळ_आळी
हे तरी खरं आहे ना? की यातही कोणी सारडा निघणार?

ग्रंथकीट
हे खरं आहे.

वेशीबाहेर
उशिरा आलो, सगळं वाचलं. चर्चा छान चाललीय, पण एक अडतंय.

सहा बैठकांत पाच पेठेतल्या घरांबद्दल आणि शेवटी एक बलुतं, म्हणजे 'दलित बैठक'. शाळेच्या पुस्तकात शेवटचा धडा असतो तसं. सुरुवात मुक्ता साळवेपासून करा. १८५५, म्हणजे तृतीय रत्नाच्याच वर्षी. फुल्यांच्या शाळेतली मातंग मुलगी, वय चौदाच्या आसपास, निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला. मोठ्यानं दहा-बारा मिनिटांत होतो. ती तर्क काय लढवते बघा: वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते बघायचीही बंदी, तर मग आम्ही धर्मरहितच ठरलो, आमचा धर्म कोणता ते देवा तूच सांग. आणि पेशवाईबद्दल लिहिताना ती गुलटेकडीचं नाव घेते. तालमीपुढून कोणी मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं. तुमच्या कट्ट्यातले निम्मे लोक गुलटेकडीला मार्केट यार्डात भाजी आणायला जातात. "आता कुठे" म्हणणाऱ्याला जागेचं नाव ऐकू द्या.

दुसरं. आत्मकथनं 'समाजाचं ढोंग उघडं पाडण्यासाठी' लिहिली, या समजानं वाचू नका. तसं वाचलं की आमचं जगणं म्हणजे तुमच्या पश्चात्तापाचा कच्चा माल होतो. बलुतं (१९७८) सुरू होतं ते दगडू मारुती पवार आणि दया पवार या एकाच माणसाच्या दोन तुकड्यांच्या बोलण्यानं. शिकून शहरात आलेला स्वतःच्याच मागल्या जन्माला तोंड देतोय. तिथे सवर्ण वाचक बाजूला बसून ऐकणारा, एवढाच.

माझी निवड बेबीताई कांबळे, जिणं आमुचं. आधी 'स्त्री' मासिकात आलं, १९८६ मध्ये पुस्तक. त्यातला मोळीविक्याचा भाग वाचा. महार बायका रानातून लाकडं तोडून आणतात, फलटणच्या ब्राह्मण आळीत मोळी विकतात. घेणारी बाई लांबूनच बजावते, एकेक फाटा नीट बघा, लुगड्याचा दोरा नाहीतर केस अडकून राहिला तर घर बाटेल. म्हणजे लाकूड चालतं, तोडणारे हात चालतात, परसात रचून देणंही चालतं. दोरा चालत नाही. तिसरा रकाना भरा आता.

आणि त्याच पुस्तकात महारवाड्यातल्या सासवा सुनांचे काय हाल करतात तेही आहे, तितक्याच उघडपणे. दोन्ही भाग एकाच बैठकीत वाचायचे. एकच वाचला तर ज्याला जो सोयीचा तो तेवढाच घेऊन घरी जातो. बाईंनी हे लिखाण नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं, हेही सांगा.

आगाऊ_काकू
हे वाचून माझा मुद्दा फिका पडला. दोऱ्याचं उदाहरण डोक्यातून जात नाहीये.

कसबेकर
@वेशीबाहेर, धडा शेवटचा, हे अगदी लागलं. बरोबर आहे. वाचताना आणखी काय सांभाळायचं?

वेशीबाहेर
तीन गोष्टी. बोलीचा अभिनय नको. महार, मांग, कुणबी पात्राचं वाक्य आलं की काही जण नाकातून, गावंढळ हेल काढून वाचतात आणि बाकीचे हसतात. वाक्य जसं छापलंय तसं, आपल्या नेहमीच्या आवाजात. दुसरं, कट्ट्यावर कोणी दलित असेल तर "तुम्ही सांगा ना, खरंच असं असतं का" म्हणून त्याच्याकडे माना वळवायच्या नाहीत. तो वाचायला आलाय, साक्ष द्यायला नाही. तिसरं, मारहाणीचा नाहीतर उपासमारीचा उतारा निवडायचा मोह टाळा. बाबुराव बागूलांची जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) घेतलीत तर शेवटची मारहाण सगळ्यांच्या लक्षात राहते. पण त्याआधी भाड्याच्या खोलीपायी जात लपवणं, आणि ज्या हुशारीचं लोक कौतुक करतात तीच जात कळताच गुन्हा ठरणं, तिथे संथ वाचायला हवं.

मुळाकाठ
झेरॉक्स काढून वाटल्या तर चालतील ना?

ग्रंथकीट
लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. फुले, देवल, हरिभाऊ कधीच मोकळे झालेत. तेंडुलकर, बागूल, दया पवार, बेबीताई हक्कात आहेत. पाच-सहा प्रती विकत घ्या, तिघांत एक. अप्पा बळवंत चौकात सगळं मिळतं. नाटक नुसतं आपापसात वाचताय तोवर ठीक, तिकीट लावून प्रयोग केलात तर लेखकाच्या वारसांची परवानगी आणि नाटकं तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, दोन्ही लागेल.

वेळेचा हिशोबही सांगून ठेवतो. मराठीचं छापील पान मोठ्यानं वाचायला अडीच मिनिटं धरा. जुन्या मराठीचं तीन-साडेतीन. असूडातलं एकेक वाक्य अर्धं पान चालतं, वाचणाऱ्याला आठवडाभर आधी पान द्या आणि श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीनं रेघ मारायला सांगा. दोन तासांत ४५ मिनिटांपेक्षा जास्त वाचन नको, म्हणजे १५ पानांच्या आत.

कसबेकर
मंडळी, दंडवत. नवी यादी:

पहिली बैठक १८५५: मुक्ता साळवे पूर्ण, तृतीय रत्नातला जोशाचा प्रवेश. दुसरी, असूडाचं पहिलं प्रकरण, निवडक १२ पानं. तिसरी, यमू, काकू म्हणाल्या तसे आधीचे दोन उतारे. चौथी, शारदा, सौद्याचे प्रवेश आणि गोत्राचा. पदं गद्यात. पाचवी, ताराबाई आणि बेणारे एकत्र, आरोप आणि निकाल शेजारीशेजारी. सहावी, जिणं आमुचं, मोळी आणि सासुरवास दोन्ही. बागूल की बलुतं, अजून ठरत नाहीये. घाशीराम वगळला, भिंतीचा पाच मिनिटांचा खेळ मात्र चौथीत घुसवतो.

रंगपीठ
चौथीत नको, पाचवीत घाला. निकालाच्या आधी सगळ्यांनी पाठ फिरवायची.

वेशीबाहेर
सहावी परत शेवटचाच धडा झाला की हो! जिणं आमुचं दुसरीला घ्या, असूडाच्या पुढ्यात. आणि सहावीला बागूल. भाड्याच्या खोलीवर पुण्यात बोलायला सगळ्यांकडे काहीतरी असतं.

कसबेकर
करतो बदल. पहिल्या बैठकीला जोशी कोण वाचणार? सौम्य आवाज हवा.

खडकमाळ_आळी
मी वाचतो. चाळीस वर्षं चुकीची गोष्ट ठामपणे सांगायचा सराव आहे.

तिरकसराव
विदूषक माझा, कोणी हात लावू नका. आणि चहाचं काय ठरलं? कोण करणार, कोण पिणार, पातेली कोण घासणार? कागद आखलेलाच आहे, पहिली नोंद तीच करा.

आगाऊ_काकू
पातेली पुरुषांनी घासायची. ताराबाईंची बैठक येईपर्यंत सवय होईल.